किब्ला चुकला की मोजपट्टी?

स्पेनमधल्या कॉर्डोबाची जुनी जामा मशीद आज कॅथीड्रल आहे. लोक तिथे जातात ते लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी बघायला. होकायंत्र घेऊन सहसा कुणी जात नाही. नेलं, तर मात्र बुचकळ्यात पडायची वेळ येते. किब्ला म्हणजे नमाजाची दिशा. ज्या भिंतीकडे तोंड करून नमाज पढतात ती किब्ल्याची भिंत, आणि ती मक्केच्या रोखाने असायला हवी. कॉर्डोबाहून मक्का जवळजवळ पूर्वेला आहे. उत्तरेला शून्य धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजत गेलं तर साधारण १०० अंशांवर. मशिदीचं तोंड मात्र १५० अंशांच्या आसपास आहे. फरक चांगला पन्नास अंशांचा. या रोखाने नाकासमोर चालत सुटलं तर मक्का डाव्या हाताला कुठल्या कुठे राहते आणि आपण सहारा वाळवंटात.

बांधणारा कुणी ऐरागैरा नव्हता. दमास्कसच्या उमय्यद खलिफांचा वंशज, पहिला अब्द अल-रहमान. त्याने ७८५ च्या सुमारास हे काम काढलं. पुढची दोनशे वर्षं त्याचे वारस मशीद वाढवत गेले आणि दिशा तीच ठेवत गेले. दहाव्या शतकात दुसऱ्या अल-हकमने मोठा विस्तार केला तेव्हा दिशेवरून वाद झाला. गणित जाणणारे म्हणाले, पूर्वेकडे वळवा. शेवटी वाडवडिलांनी धरलेली दिशाच कायम राहिली. गंमत अशी की त्याच काळात शहराबाहेर काही किलोमीटरवर उभ्या राहिलेल्या मदिनात अल-झहरा या राजनगरीतल्या मशिदीची दिशा मक्केच्या बरीच जवळ आहे. म्हणजे खरी दिशा त्यांना ठाऊक नव्हती असं म्हणायची सोय नाही.

अशा ‘चुकलेल्या’ मशिदींवरून गेली जवळजवळ पन्नास वर्षं अभ्यासकांत वाद चालू आहे. इंटरनेटवर तर तो भलताच पेटलाय, कारण त्यातून निघालेला एक निष्कर्ष स्फोटक आहे: इस्लामचं मूळ पवित्र स्थान मक्का नव्हतंच, ते जॉर्डनमधलं पेट्रा होतं. हा दावा पटण्यासारखा आहे का, हे ठरवायला अरबी यायला हवं असं नाही. थोडा भूगोल, थोडं आकाश आणि ‘मोजणारा कोणत्या पट्टीने मोजतोय’ हा प्रश्न, एवढ्यावर बरंच काम होतं.

आधी सर्वांना मान्य असलेली गोष्ट. मुस्लिम परंपरेनुसार सुरुवातीला नमाजाची दिशा जेरुसलेमकडे होती. प्रेषित मुहंमद मदिनेला आल्यावर, हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, ती मक्केतल्या काबाकडे वळली. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात या बदलाबद्दल आयती आहेत. त्यानंतर शंभरेक वर्षांत अरबांचं राज्य स्पेनपासून सिंधपर्यंत पसरलं आणि जिथे छावणी पडली तिथे मशीद उभी राहिली.

त्यातल्या काहींची दिशा खटकते, हे जुन्या अरबी इतिहासकारांनीच नोंदवलंय. इजिप्तमध्ये आजच्या कैरोच्या दक्षिणेला फुस्तात इथे अम्र इब्न अल-आस याने ६४१-४२ मध्ये मशीद उभारली. ती पूर्वेकडे फार कलली होती आणि पुढे दुरुस्त करावी लागली, असं ते लिहितात. इराकमध्ये वासित इथे उत्खनन झालं तेव्हा उमय्यद सुभेदार हज्जाजने आठव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या मशिदीचा पाया सापडला, आणि तो मक्केच्या दिशेपासून तीसेक अंशांनी भलतीकडे, पश्चिमेला सरकलेला निघाला.

१९७७ मध्ये पॅट्रिशिया क्रोन आणि मायकेल कुक या दोन इतिहासकारांनी हे दोन धागे जोडले. इजिप्तची मशीद जास्त पूर्वेला, इराकची जास्त पश्चिमेला. मग दोघींचं लक्ष्य मक्केच्या बरंच उत्तरेला, अरबस्तानच्या वायव्य भागात कुठेतरी असेल का? त्यांनी नेमकं गाव सांगितलं नाही. पण प्रश्न टाकला गेला.

गावाचं नाव घेतलं डॅन गिब्सन या कॅनेडियन लेखकाने. आधी २०११ च्या पुस्तकात, मग २०१७ च्या, खास किब्ल्यांवरच्या पुस्तकात. त्याने उपग्रहचित्रं आणि जुने पाये यांवरून बऱ्याच मशिदींच्या दिशा मोजल्या आणि चार गट पाडले. सगळ्यात जुन्या मशिदी पेट्राकडे. मग काही पेट्रा आणि मक्का यांच्या मधोमध. मग काही मक्केकडे. आणि काही यातल्या कशाकडेच नाहीत, तर पेट्रा ते मक्का ही रेघ ज्या दिशेने जाते त्या रेघेला समांतर! आपली कॉर्डोबा या शेवटच्या गटात बसते. त्याच्या मते मुसलमानांमधल्या दुसऱ्या यादवीत, म्हणजे ६८० नंतरच्या दशकात, काबातली पवित्र काळी शिळा पेट्राहून मक्केला हलवली गेली आणि दिशा हळूहळू बदलत गेली.

ऐकायला झकास वाटतं. नकाशावर रेघा ओढलेल्या आहेत, आकडे आहेत, अंशांचे दशांशसुद्धा आहेत. पण इथेच थांबून एक साधा प्रश्न विचारायला हवा. सातव्या शतकातल्या माणसाने हजार किलोमीटर लांबच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या गावाची दिशा दोन-चार अंशांच्या आत काढली तरी कशी असेल?

हजार किलोमीटरवर एका अंशाची चूक म्हणजे साडेसतरा किलोमीटरचा फरक. बिनचूक दिशा काढायची तर दोन्ही गावांचे अक्षांश हवेत आणि रेखांशांमधला फरक हवा. अक्षांश सोपे, ध्रुवताऱ्याची उंची मोजली की झालं. रेखांश म्हणजे डोकेदुखी. दोन गावांच्या स्थानिक वेळेतला फरक कळल्याशिवाय ते निघत नाहीत, आणि तो कळायला एकच घटना दोन्हीकडून एकाच क्षणी दिसायला हवी. ९९७ मध्ये अल-बिरूनीने मध्य आशियातल्या ख्वारझममधल्या काथहून आणि अबू अल-वफाने बगदादहून एकच चंद्रग्रहण ठरवून बघितलं, ते त्यासाठीच. हे झालं प्रेषितांनंतर साडेतीनशे वर्षांनी.

बरं, आकडे मिळाले तरी गणित सपाट कागदावरचं नाही, गोलावरचं आहे. कॉर्डोबा मक्केच्या सोळा अंश उत्तरेला आहे, तरी तिथून मक्केची दिशा पूर्वेच्या फक्त दहा अंश खाली का? पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, आपोआप कळेल. याच कारणाने न्यूयॉर्कहून किब्ला ईशान्येला निघतो आणि अमेरिकेतल्या मशिदींत ‘ईशान्य की आग्नेय’ यावर अजूनही वादावादी होते. आपल्या मुंबईहूनही तो थेट पश्चिमेला नाही. पश्चिमेपासून दहा अंश उत्तरेकडे, २८० अंशांवर. मक्का मुंबईच्या उत्तरेला जेमतेम अडीच अंश असली तरीही.

हे गोलावरचं त्रिकोणमिती गणित नवव्या शतकात बगदादच्या विद्वानांनी जमवायला घेतलं. पुढे बिरूनीने गझनीचा किब्ला काढण्यासाठी अक्षांश-रेखांशांवर अख्खा ग्रंथ लिहिला, आणि चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीतल्या अल-खलीलीने अंशागणिक किब्ल्याचं कोष्टकच तयार केलं, जवळजवळ तीन हजार नोंदींचं. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसीने तर बिनगणिताची युक्ती सांगून ठेवली. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर येतो. त्या क्षणी जिथे जिथे सूर्य दिसत असेल तिथे उभी काठी रोवली तर तिची सावली ज्या दिशेला पडेल तिच्या नेमकी उलट दिशा म्हणजे किब्ला. आपल्या घड्याळात हे क्षण २८ मेच्या सुमारास दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १६ जुलैच्या सुमारास २ वाजून ५७ मिनिटांनी येतात. जुलैतला प्रयोग कोकणात करून बघायच्या भानगडीत पडू नका.

पण अम्र इब्न अल-आसच्या सैन्याजवळ यातलं काहीही नव्हतं. होकायंत्रही नव्हतं, ते पुढच्या काही शतकांनी आलं. मग होतं काय? तर आकाश, वारे आणि रस्ते. वाळवंटात रात्रीचा प्रवास करणाऱ्यांना सूर्य कोणत्या ऋतूत क्षितिजावर कुठे उगवतो, कोणता तारा कुठे वर येतो, हे तोंडपाठ असे.

डेव्हिड किंग हा इस्लामी खगोलशास्त्राच्या इतिहासाचा अभ्यासक. फ्रँकफर्टला प्राध्यापक होता. त्याने आयुष्यभर हस्तलिखितं चाळली आणि त्यातून एक वेगळंच चित्र पुढे आलं. गणिती ग्रंथ मूठभर विद्वान वाचत. त्याच्या बाहेर एक लोकपरंपरा होती आणि तिच्या केंद्रस्थानी काबाची इमारत होती. काबा चौकोनी दिसला तरी त्याच्या बाजू पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तरेला नाहीत. कोपरे त्या दिशांकडे आहेत. मध्ययुगीन अरबी ग्रंथ सांगतात की त्याचा लांब अक्ष सुहैल ताऱ्याच्या उगवतीकडे आहे. सुहैल म्हणजे आपला अगस्ती. आणि आखूड अक्ष आहे उन्हाळ्यातला सूर्योदय ते हिवाळ्यातला सूर्यास्त या रेषेवर. किंग आणि जेरल्ड हॉकिन्स (हाच तो, स्टोनहेंजच्या दगडांत खगोलशास्त्र शोधणारा) यांनी १९८२ मध्ये ताडून पाहिलं, तर ते ढोबळमानाने बरोबर निघालं.

एकदा हे लक्षात आलं की कोडं उलगडायला लागतं. या लोकांच्या दृष्टीने ‘काबाकडे तोंड करणं’ म्हणजे नकाशावर रेघ ओढणं नव्हतं. आपण काबाच्या अमुक भिंतीसमोर उभे असतो तर आकाशात जे जिथे दिसलं असतं, त्याच्याकडे आपल्या गावातून तोंड करायचं. इराकी लोकांची भिंत ईशान्येची. तिच्यासमोर उभं राहिलं की पुढ्यात हिवाळ्यातला सूर्यास्त. वासितच्या अक्षांशावर हिवाळ्यात सूर्य सर्वांत दक्षिणेला मावळतो तो २४२ अंशांवर. मक्का आहे २१० अंशांवर. फरक बत्तीस. हज्जाजच्या मशिदीतली ‘चूक’ बरोबर तेवढीच आहे! आणि कॉर्डोबा? तिचं १५० अंशांवरचं तोंड काबाच्या लांब अक्षाला समांतर आहे, सुहैलच्या मक्केतल्या उगवतीकडे. तिथे जुन्या रोमन रस्त्यांचीही दिशा तीच होती, त्यामुळे काम आयतंच झालं असणार.

शिवाय धर्मशास्त्रालाही दशांश अंश नको होते. ‘पूर्व आणि पश्चिम यांच्या मधलं सगळं किब्ला आहे’ अशी एक हदीस, म्हणजे प्रेषितांचं म्हणून सांगितलं जाणारं वचन, आहे. ती मदिनेतली, आणि मदिनेहून मक्का दक्षिणेला, म्हणजे दक्षिणेकडचा अर्धा पसारा चालतो असा अर्थ झाला. नेमका काबाच समोर हवा की काबाची ढोबळ दिशा पुरे, यावर फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, पुढे बराच काथ्याकूट केला. लांबच्यांना दिशा पुरे, असाच कल राहिला.

आता पेट्राकडे. गिब्सनच्या यादीतल्या बऱ्याच मशिदी अशा जागी आहेत की तिथून पेट्रा आणि मक्का फार वेगळ्या दिशांना नाहीतच. येमेनमधल्या सनाहून दोन्हींत फक्त सात अंशांचा फरक. दमास्कसची गोष्ट तर मजेशीर आहे. तिथून मक्का १६५ अंशांवर, पेट्रा १९३ च्या आसपास. उमय्यद मशीद बघते जवळजवळ थेट दक्षिणेकडे, १८० ला. दोघांच्या बरोब्बर मध्ये! पण ती दक्षिणेकडे बघते याचं कारण धर्मात नाही, दगडांत आहे. ती ज्या आवारात बांधली ते आवार ज्युपिटरच्या रोमन देवळाचं, आणि त्याच्या भिंती कुणी इंचभरही हलवल्या नाहीत. अशा इमारतीच्या कोनावरून एखाद्या धर्माचं जन्मस्थान शोधायचं म्हणजे कमाल आहे.

खरी परीक्षा तिथे, जिथे दोन दिशा स्पष्ट वेगळ्या आहेत. फुस्तातहून पेट्रा ८४ अंशांवर, म्हणजे पूर्वेच्याही किंचित उत्तरेला. मक्का १३६ वर. आणि इजिप्तमध्ये ‘प्रेषितांच्या सहकाऱ्यांचा किब्ला’ म्हणून जी दिशा पिढ्यान्‌पिढ्या मानली गेली ती ११७ वर, हिवाळ्यातल्या सूर्योदयाची. मक्केपासून एकोणीस अंश, पेट्रापासून तेहतीस. पेट्राचा सिद्धांत इथे लंगडतो.

कागदोपत्री पुरावाही बघू. एडेसाचा याकोब नावाचा ख्रिस्ती बिशप होता. ७०८ मध्ये वारला. तरुणपणी अलेक्झांड्रियाला शिकलेला. त्याने सिरियाक भाषेत लिहिलेल्या एका पत्रात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय असं बजावून, सांगितलंय की इजिप्तमधले मुसलमान पूर्वेकडे, बाबिलोनकडचे (म्हणजे इराकमधले) पश्चिमेकडे आणि सिरियातले दक्षिणेकडे तोंड करून प्रार्थना करतात, कारण जो तो आपल्या जागेहून काबाकडे वळतो. क्रोन आणि कुक यांनी हेच पत्र आपल्या बाजूने वापरलं होतं: पूर्वेकडे म्हणतोय, आग्नेयेकडे नाही. किंगच्या बाजूने वाचलं तर हिवाळ्यात सूर्य उगवतो तीही ‘पूर्व’च. एकाच ओळीवर दोघांनी दावा सांगावा, असं या वादात वारंवार होतं.

पेट्राविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र खुद्द पेट्रातच सापडला, आणि त्याचा मशिदींशी संबंध नाही. १९९३ मध्ये तिथल्या एका चर्चच्या उत्खननात जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या गुंडाळ्या मिळाल्या. महत्प्रयासाने त्या उलगडून वाचल्या गेल्या. सहाव्या शतकातले, ५३७ पासून पुढच्या पन्नासेक वर्षांतले कागद: जमिनीचे व्यवहार, वाटण्या, हुंडा, कराच्या नोंदी, शेजाऱ्यांची भांडणं. थोडक्यात, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दप्तरात निघतील तसले. त्यातून दिसतं ते ग्रीक लिहिणारं, चर्चभोवती जगणारं एक ख्रिस्ती गाव. हे चित्र प्रेषितांच्या जन्माच्या काळातलं आहे. सगळ्या अरबांना यात्रेला ओढून नेणारं मूर्तिपूजकांचं मोठं तीर्थक्षेत्र त्यात कुठे मावतच नाही.

मी स्वतः पेट्राचा सिद्धांत फेटाळतो, पण किंगच्या उत्तरातही एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हिवाळ्यातला सूर्योदय, सूर्यास्त, सुहैलची उगवती, थेट दक्षिण, थेट पश्चिम, मक्केला जाणाऱ्या रस्त्याची सुरुवात, जुन्या शहराची आखणी... इतक्या दिशा चालत असतील तर कोणतीही मशीद कशात ना कशात बसवता येईल. गिब्सनचे समर्थक हेच बोट ठेवतात, आणि ते चुकीचं नाही.

म्हणून माझ्या लेखी वजन त्या उदाहरणांना, जिथे कोन मोजायच्या कितीतरी आधी कुणी लिहून ठेवलंय की आमच्या गावात लोक अमुक दिशा धरतात आणि तमुक कारणासाठी. समरकंदच्या भागासाठी अकराव्या शतकातल्या अल-बझदवीचं लिखाण आहे. तो सांगतो, हनफी पश्चिम धरतात, कारण मक्केची वाट तिकडून निघते. शाफी दक्षिण धरतात, कारण प्रेषित मदिनेत दक्षिणेकडे तोंड करत. एकच गाव, दोन पंथ, नव्वद अंशांचा फरक, आणि दोघेही मक्केकडेच तोंड करून!

कैरोबद्दल पंधराव्या शतकातला इतिहासकार अल-मक्रीझी इजिप्तमधल्या मेहराबांच्या, म्हणजे किब्ला दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्यांच्या, निरनिराळ्या दिशांवर एक प्रकरणच लिहितो. ९६९ मध्ये फातिमी खलिफांनी वसवलेलं शहर जुन्या कालव्याला काटकोनात आखलं गेलं, आणि योगायोगाने रस्ते जवळपास ‘सहकाऱ्यांच्या किब्ल्या’वरच आले. फातिमींना तो किब्ला मान्य नव्हता. त्यांच्या खगोलज्ञांचं गणित १२७ अंश सांगत होतं (तेही नऊ अंशांनी चुकलेलं, कारण रेखांश). म्हणून अल-अझहर आणि अल-हाकिमच्या मशिदी रस्त्यांशी दहा अंश तिरक्या बसवल्या. अल-मुइझ रस्त्यावरची ११२५ ची अल-अकमर मशीद बघा. दर्शनी भिंत रस्त्याला अगदी चिकटून सरळ, आत शिरलं की अंगण वळलेलं, आणि दोन्हींच्या मधली जाडी एका टोकाला पातळ तर दुसऱ्या टोकाला भरभक्कम, पाचरीसारखी. पुढे मामलूक सुलतानांच्या काळात याच रस्त्यावर असल्या पाचरी ठिकठिकाणी घातल्या गेल्या. काही ठिकाणी खिडकी भिंतीत किती खोल आहे त्यावरूनसुद्धा भिंत कुठे किती फुगलीय ते दिसतं. उपग्रहावरून मोजणाऱ्याला यातली बाहेरचीच रेघ मिळते.